शहरात लहान घर की उपनगरात मोठं? ठरवण्याआधी कुटुंबाने करायची कामं

हा प्रश्न घरात एकदा निघाला की सहजासहजी मिटत नाही. एकाला जास्तीची खोली हवी असते, दुसऱ्याला ऑफिसपासून लांब जायचं नसतं, मुलांच्या शाळेचा विषय मध्येच येतो, आजी-आजोबांना कोणी विचारतच नाही, आणि शेवटी कोणीतरी "बघू पुढच्या वर्षी" म्हणून दिवा मालवतं. आम्ही शहराच्या ऐन मध्यात राहिलो, लांबच्या उपनगरातही राहिलो. भाड्यानेही राहिलो आणि कर्ज काढून घेतलेल्या घरातही. त्यातून ज्या गोष्टी करून खरंच उपयोग झाला, त्या क्रमाने लिहिते आहे. सोयीसाठी शहराच्या मध्याजवळच्या घराला "आतलं" आणि उपनगरातल्या घराला "बाहेरचं" म्हणते.

माझं मत आधीच सांगून टाकते. जागा बघताना लोक खोल्या मोजतात, कारण त्या मोजायला सोप्या असतात. पण नवीन घरात सुखाने राहणार की नाही, हे घरातल्या प्रत्येकाचा कामाचा दिवस कसा जातो यावर ठरतं. त्यातही मुलांना पोचवणं-आणणं, औषधं आणणं, डॉक्टरकडे नेणं ही कामं ज्याच्या वाट्याला येतात, त्याचा दिवस सर्वांत महत्त्वाचा. तो दिवस नीट बसत असेल तर लहान घरातही निभावतं. तो बसत नसेल तर मोठ्या घरातही चिडचिड संपत नाही.

आधी हाताशी काय हवं

- एक वही. फोनमधल्या नोंदी दोघांनी मिळून बघितल्या जात नाहीत.
- घरातल्या सगळ्या कमावत्यांच्या गेल्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या आणि बँकेची स्टेटमेंट्स.
- सध्याच्या प्रवासाचा खर्च: पास, इंधन, पार्किंग, गाडीचा विमा, दुरुस्तीची बिलं.
- ऑफिस, शाळा, पाळणाघर यांच्या भरायच्या आणि सुटायच्या वेळा. पाळणाघराला हेही विचारा, की न्यायला उशीर झाला तर ते किती वेळ मूल सांभाळतात.
- घरात कोणाचे नियमित उपचार चालू असतील तर ते कुठे आणि किती वेळा.
- निघायची वेळ टाकून प्रवासाचा अंदाज देणारं नकाशाचं अ‍ॅप आणि आवाज मोजायचं डेसिबल अ‍ॅप.

जागांच्या जाहिराती अजून उघडू नका. एखादी गच्ची किंवा खिडकी डोळ्यांत भरली की पुढचा सगळा हिशोब तिच्या बाजूने मांडला जातो, आणि आपण तसं करतोय हे आपल्याला कळतसुद्धा नाही.

१. प्रत्येकाचा कामाचा दिवस लिहून काढा

सुट्टीचा दिवस नको, सणाचा नको, साधा कामाचा दिवस घ्या. घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक पान. उठल्यापासून झोपेपर्यंत कधी, कुठे, कशाने आणि कोणाबरोबर जायचं ते लिहा. मुलांचंही लिहा आणि घरातल्या ज्येष्ठांचंही. "त्या कुठे जातात, घरीच तर असतात" असं म्हणून त्यांचं पान कोरं ठेवू नका. संध्याकाळचं फिरणं, वाचनालय, मैत्रिणींकडे जाणं हाच त्यांचा दिवस असतो. घर बदललं की पहिल्यांदा तोच मोडतो.

आता दोन पानं शेजारी ठेवून बघा, एकाचं काम दुसऱ्याच्या वेळेला कुठे टेकलेलं आहे. ऑफिसला सरळ जाऊन सरळ परत येणारा माणूस लांबचं अंतर निभावून नेतो. गाडीत किंवा ट्रेनमध्ये बसला की त्याचा वेळ त्याचाच असतो. पण पाळणाघर, मग ऑफिस, परतताना औषधाचं दुकान, मग शाळा, मग घर अशी साखळी ज्याची आहे, त्याला एक कडी लांब गेली तरी सगळा दिवस हलतो. जगभरातल्या प्रवासाच्या पाहण्यांत अशा जोडलेल्या फेऱ्या पुरुषांपेक्षा बायकांच्या जास्त दिसतात. म्हणून "माझा प्रवास फक्त पंधरा मिनिटांनी वाढतोय, काय फरक पडतो" हे वाक्य घरात कोण बोलतंय, तेही वहीत टिपून ठेवा.

सगळी पानं लिहून झाली की साखळीवाल्या माणसाच्या पानावर मोठी खूण करा. पुढे दोन पर्यायांत बरोबरी झाली तर निकाल या पानावरून लावायचा.

२. वेळ दारापासून दारापर्यंत मोजा

जाहिरातीत "स्टेशनपासून दहा मिनिटं" लिहिलेलं असतं. कशाने दहा मिनिटं, कोणत्या वेळी, आणि स्टेशनवर पोचल्यावर किती वेळ थांबून, हे लिहिलेलं नसतं. तुम्ही चपला घालून कुलूप लावल्यापासून ऑफिसच्या टेबलाशी बसेपर्यंतचा वेळ मोजा. लिफ्टची वाट बघणं, बदलीच्या ठिकाणी थांबणं, पार्किंग शोधणं हे सगळं त्यात आलं. माणूस साधारण मिनिटाला ८० मीटर चालतो, म्हणजे ४०० मीटरला पाच मिनिटं. मूल कडेवर किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर दुप्पट धरा.

प्रत्येक प्रवासाचे दोन आकडे लिहा: नेहमी लागणारा वेळ आणि वाईट दिवशी लागणारा वेळ. दुसरा आकडा जास्त कामाचा. रोज ५० मिनिटं लागणारा आणि कधी फार तर ५५ लागणारा रस्ता परवडतो. रोज ३५ मिनिटं पण आठवड्यातून एकदा ८० लागणारा रस्ता असेल, तर तुम्ही रोजच ८० मिनिटं आधी निघणार, कारण आजचा दिवस वाईट आहे की चांगला हे निघताना कळत नाही. पाळणाघर बंद व्हायच्या वेळेशी हाच आकडा ताडून बघा.

फरक वर्षाच्या हिशोबात मांडला की डोळे उघडतात. एका बाजूचा प्रवास ३० मिनिटांनी वाढला तर दिवसाचा एक तास गेला. वर्षात कामाचे २३० दिवस धरले तर २३० तास, म्हणजे आठ तासांचे जवळजवळ २९ दिवस. सगळी वार्षिक रजा संपून वर काही दिवस उरतील.

"सवय होते" असं बरेच जण सांगतात. याबाबत दोन अभ्यास लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २००४ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा तपशील विचारला. त्यांच्या दिवसातल्या सर्वांत नावडत्या वेळांमध्ये सकाळी कामावर जायचा प्रवास होता. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या स्वित्झर्लंडमधल्या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची माहिती तपासून २००८ साली एक विसंगती दाखवली. लांबच्या प्रवासाची भरपाई स्वस्त घराने किंवा मोठ्या पगाराने होत असती, तर लांबून येणारे लोक जवळच्यांइतकेच समाधानी असायला हवे होते. तसं दिसलं नाही. प्रवास लांबला तसं समाधान कमी होत गेलं. माझा अनुभव असा, की नव्या खोलीचं कौतुक काही महिन्यांत ओसरतं, पण ट्रॅफिक रोज नव्याने त्रास देतो.

तरीही प्रवास अगदी शून्य करायच्या मागे लागू नका. चेझारे मार्केत्ती या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली मांडलं होतं, की माणसं पायी चालत होती तेव्हापासून मोटारींच्या काळापर्यंत दिवसाला सरासरी साधारण तासभर प्रवास करत आली आहेत. वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, शहर पसरतं. जाऊन-येऊन तासभर ही मर्यादा बहुतेकांना झेपते. मी सल्ला विचारणाऱ्यांना सांगते, की दीड तासाच्या वर जायचं असेल तर बदल्यात काय मिळतंय ते वहीत एका वाक्यात लिहून दाखवा. लिहिता आलं तर जरूर जा.

३. "बाहेर" कुठलं आणि "आत" कुठलं, ते नीट बघा

दोनच पर्याय आहेत असं धरून चालू नका. स्टेशनपासून चालत आठ मिनिटांवरचं बाहेरचं घर आणि गाडीशिवाय भाजीसुद्धा आणता येणार नाही असं बाहेरचं घर, ही दोन वेगळी आयुष्यं आहेत. आतही तसंच. नकाशावर शहराच्या मध्यात दिसणारं पण बस-ट्रेनच्या कोणत्याच मार्गावर नसलेलं घर हे स्टेशनजवळच्या उपनगरापेक्षा लांब पडू शकतं.

नकाशावर अंतराची वर्तुळं काढू नका, वेळाची काढा. दोघांच्या ऑफिसपासून प्रत्येकी ४५ मिनिटांत कुठवर जाता येतं ते बघा आणि दोन्ही पट्टे जिथे एकमेकांवर येतात तिथेच जागा शोधा. बऱ्याचदा जुनी, शहराला चिकटलेली, आधीच वसलेली उपनगरं या पट्ट्यात सापडतात. जाहिराती त्यांच्या नसतात, कारण तिथे नवीन विकायला फारसं काही नसतं.

४. घराचा आणि प्रवासाचा खर्च एकाच बेरजेत धरा

बाहेरची जागा स्वस्त का असते, याचं उत्तर विल्यम अलोन्सो या अभ्यासकाने १९६४ साली सविस्तर मांडलं. मध्यापासून लांब गेलं की जाण्यायेण्याचा खर्च वाढतो, म्हणून लोक तिथल्या जमिनीला कमी किंमत द्यायला तयार असतात. म्हणजे जी बचत तुम्हाला दिसते, तिचा मोठा भाग तुम्ही पुढे पेट्रोलपंपावर आणि तिकीटखिडकीवर फेडणार असता. किती फेडणार, एवढंच शोधायचं आहे.

शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने यासाठी सोपी कसोटी दिली आहे: घर आणि प्रवास मिळून खर्च उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत हवा. घराला ३० आणि प्रवासाला १५, असा त्यांचा हिशोब. तुमच्या उत्पन्नाला तो तंतोतंत लागू होईल असं नाही. पण कर्ज देणारी बँक यातला प्रवासाचा भाग सहसा बघतच नाही, म्हणून तो तुम्हीच बघायचा.

वहीत आतल्या आणि बाहेरच्या घरासाठी एकेक रकाना करा आणि महिन्याचे आकडे लिहा:

- भाडं किंवा हप्ता, देखभाल खर्च, कर, घराचा विमा
- वीज, पाणी, घर थंड किंवा गरम ठेवण्याचा खर्च (मोठ्या घराला जास्त लागतो, आणि चारी बाजूंनी सुटं असलेल्या घराला आणखी जास्त)
- सर्वांचे पास आणि तिकिटं
- प्रत्येक गाडीचा पूर्ण खर्च: इंधन, विमा, दुरुस्ती, पार्किंग, टोल, कर्जाचा हप्ता आणि दरवर्षी घटणारी किंमत
- उशिरापर्यंतचं पाळणाघर, शाळेची बस, रात्री उशिरा परतायला लागणारी टॅक्सी
- आतल्या घरासाठी: जागा पुरत नाही म्हणून बाहेर सामान ठेवायचं भाडं, पार्किंगचं भाडं
- बाहेरच्या घरासाठी: जास्तीच्या खोल्यांचं फर्निचर, अंगणाची निगा

यातली सर्वांत फसवी ओळ दुसऱ्या गाडीची. "गरज पडली तर घेऊ" असं म्हणत लोक बाहेर जातात आणि वर्षाच्या आत ती दारात उभी राहते. दोन माणसं दोन दिशांना कामाला जाणार असतील आणि मुलांची शाळा तिसऱ्या दिशेला असेल, तर ती गाडी आजच बेरजेत धरा. ती धरल्यावरही बाहेरचं घर स्वस्त पडत असेल तर ते खरोखर स्वस्त आहे.

५. मुलांचा विचार आजच्या वयाने करू नका

घर बघायला निघतो तेव्हा मूल तीन वर्षांचं असतं आणि डोळ्यांसमोर अंगण असतं. कर्ज वीस वर्षांचं असतं. त्या वीस वर्षांतली अंगणात एकटं रमायची वर्षं मोजकीच. नंतर त्याला अंगणापेक्षा दुसरी मुलं हवी असतात. तेराव्या वर्षी त्याला तुमच्या मदतीशिवाय मित्राकडे, खेळाच्या सरावाला, शिकवणीला जायचं असतं. बस नसलेल्या भागात तेरा वर्षांच्या मुलाला चालक लागतो आणि तो चालक तुम्हीच असता.

मुलं एकटी कुठवर जाऊ शकतात, हे रस्त्यावर फार अवलंबून असतं. मेयर हिलमन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या शाळांचा अभ्यास केला. १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात होती. १९९० साली हा आकडा ९ टक्क्यांवर आला होता. मुलांचं वय तेच होतं, रस्त्यांवर गाड्या वाढल्या होत्या आणि पालकांची भीतीही. म्हणून जागा बघताना शाळा किती लांब आहे एवढंच विचारू नका. वाटेत किती मोठे रस्ते ओलांडावे लागतात, पदपथ सलग आहे का, सिग्नल आहे का, हे चालून बघा. क्लॅरेन्स पेरी या अमेरिकी नियोजनकाराने १९२९ साली वस्तीचा जो आराखडा मांडला, त्यात प्राथमिक शाळा मधोमध होती आणि मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जात होते, म्हणजे मुलाला शाळेत जाताना वाहता रस्ता ओलांडायलाच नको. शंभर वर्षं होत आली, पण कसोटी म्हणून मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

शाळेच्या प्रवेशाबद्दल एक सापळा सांगते. अनेक ठिकाणी कोणत्या पत्त्याला कोणती शाळा मिळते ते हद्दीवरून ठरतं आणि हद्दी बदलतात. "या इमारतीतली सगळी मुलं त्याच शाळेत जातात" हे एजंटचं वाक्य पुरावा म्हणून धरू नका. शाळेला किंवा शिक्षण विभागाला नेमका पत्ता देऊन लेखी विचारा. जागा शिल्लक आहे का, तेही विचारा. हद्दीत असणं आणि प्रवेश मिळणं यात फरक असतो.

६. ज्येष्ठ, आजारपण आणि अडचणीची रात्र

हा भाग लोक टाळतात, म्हणून थोडा स्पष्ट लिहिते. हृदय बंद पडलं आणि कोणी छाती दाबून मदत केली नाही, तर मिनिटागणिक वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध सर्वसाधारणपणे लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचं स्कॅन करावं लागतं. म्हणून "जवळ हॉस्पिटल आहे" या उत्तरावर थांबू नका. तिथे रात्री तातडीचा विभाग चालू असतो का, स्कॅनची सोय आहे का, आणि रुग्णवाहिका या पत्त्यावर यायला साधारण किती वेळ लागतो, हे विचारा. जवळच्या छोट्या दवाखान्यापेक्षा थोडं लांबचं पण सुसज्ज रुग्णालय महत्त्वाचं ठरू शकतं.

रोजच्या जगण्याच्या दृष्टीने बघायचं ते वेगळं: लिफ्ट आहे का, ती बंद पडली तर किती जिने चढायचे, वाटेत बसायला बाक आहे का, औषधाचं दुकान चालत गाठता येतं का. जो माणूस आज गाडी चालवतो तो कधीतरी चालवायचं थांबवणार. सासऱ्यांनी गाडीच्या किल्ल्या परत दिल्या त्या दिवसापासून त्यांचं बाहेर जाणं आमच्या सवडीवर आलं. ते काही बोलले नाहीत, पण घरातल्या सगळ्यांना ते जाणवत होतं.

७. आवाज आणि हवा

बाहेर शांतता आणि आत गोंगाट, असं सरसकट नसतं. महामार्गाला लागून असलेलं उपनगर आतल्या गल्लीपेक्षा जास्त गोंगाटाचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलं आहे. फोनमधल्या अ‍ॅपचं मोजमाप ढोबळ असतं, पण दोन घरांची तुलना करायला पुरतं. झोपायच्या खोलीची खिडकी उघडून रात्री मोजा. डेसिबलमध्ये १० चा फरक कानाला जवळपास दुप्पट वाटतो, हे लक्षात ठेवा.

हवेचंही असंच. वाहनांचा धूर मोठ्या रस्त्यालगतच्या काहीशे मीटरमध्ये सर्वांत जास्त असतो. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने अतिसूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम २.५ ची, वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली आहे. मोठ्या शहरांत कुठेच हा आकडा सहज गाठला जात नाही, पण घरात दम्याचा रुग्ण असेल तर जवळच्या मोजणी केंद्राचे वर्षभराचे आकडे दोन्हीकडचे काढून बघा.

८. जागा बघायला भलत्या वेळी जा

जागा दाखवायला बोलावतात ती सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकराला. रस्ता मोकळा, ऊन छान, शेजारी घरी. तुम्ही मात्र निदान या वेळांना जा: कामाच्या दिवशी सकाळी, ऑफिसच्या गर्दीत, तिथून ऑफिसपर्यंत प्रत्यक्ष प्रवास करत, शाळा सुटायच्या वेळी, आणि रात्री दहानंतर. रात्री स्टेशनपासून किंवा बसथांब्यापासून घरापर्यंत चालून बघा. घरातल्या ज्या व्यक्तीला रात्री एकटं परतावं लागणार आहे तिने चालून बघावं. तिच्या वतीने दुसऱ्याने "ठीक आहे की" म्हणू नये.

शेजाऱ्यांना "इथे कसं आहे?" असं विचारलं की "छान आहे" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: काल कामावरून घरी किती वाजता पोचलात? शेवटची बस चुकली तर काय करता? पाण्याची किंवा विजेची अडचण शेवटची कधी झाली? इथून कोणी सोडून गेलं का, आणि का?

९. "येणार आहे" याची किंमत शून्य धरा

बाहेरच्या जागेच्या जाहिरातीत एक रेल्वेमार्ग येणार असतो, एक रुंद रस्ता येणार असतो आणि एक शाळा येणार असते. आज जे चालू आहे तेवढंच हिशोबात घ्या.

यामागे कारण आहे. बेंट फ्लीब्यर्ग आणि सहकाऱ्यांनी २००२ साली वाहतुकीच्या २५८ मोठ्या प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहातल्या नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा वाढला होता. रेल्वेच्या प्रकल्पांत तर सरासरी ४५ टक्क्यांनी. खर्च असा फुगला की वेळापत्रक जागेवर राहत नाही, आणि तुमचा हप्ता तर पहिल्याच महिन्यापासून सुरू झालेला असतो.

रुंद रस्त्याचं वचन तर पूर्ण झालं तरी फसवतं. रुंद केलेला रस्ता गर्दीच्या वेळी पुन्हा भरतो, हे अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ साली लिहिलं होतं. जिल दुरांतोन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकी शहरांचे आकडे तपासून दाखवलं, की महामार्गाच्या मार्गिका जितक्या वाढल्या, जवळपास त्याच प्रमाणात त्यावरची वाहतूकही वाढली. रस्ता झाला की तुमच्याही पलीकडे नवी उपनगरं उभी राहतात आणि तिथली माणसं तुमच्याच रस्त्याने निघतात.

१०. शक्य असेल तर आधी भाड्याने राहा

विकत घ्यायची घाई नसेल तर ज्या भागात जायचं आहे तिथेच वर्षभर भाड्याने राहा. घर बदलायचा त्रास दोनदा होतो, हे खरं. पण विकत घेतलेलं चुकीचं घर विकून दुसरं घेताना मुद्रांक शुल्क, दलाली, कर्ज आधी फेडण्याचा दंड हे सगळं मिळून जे जातं, त्यापुढे सामानाच्या ट्रकचं भाडं किरकोळ आहे.

वर्षभर जमत नसेल तर निदान आठवडाभर नाटक करा. त्या भागातली खोली थोड्या दिवसांसाठी घ्या आणि कामाचे पाचही दिवस तिथूनच ये-जा करा, मुलांना शाळेत पोचवण्यासकट. तेही जमत नसेल तर प्रवास जेवढा वाढणार आहे, आहे त्या घरातून रोज तेवढा वेळ आधी निघा आणि तेवढा वेळ बाहेर काढून मगच घरी या. ऐकायला वेडेपणाचं वाटतं. गुरुवारपर्यंत घरातल्या माणसांचा सूर बदलतो.

भाड्याने घेताना ही कागदपत्रं लागतील: ओळखपत्र, उत्पन्नाचा पुरावा, नोकरीचं पत्र, आधीच्या घरमालकाचा संदर्भ, डिपॉझिटची पावती, दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला भाडेकरार. करारात मुदतीआधी सोडलं तर किती दिवसांची सूचना द्यायची, ते कलम नीट वाचा. तुम्ही प्रयोग म्हणून राहताय, तेव्हा तेच सर्वांत महत्त्वाचं. राहायला जाण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढून घरमालकाला पाठवून ठेवा.

विकत घेताना मालकीहक्काची मूळ कागदपत्रं, मंजूर नकाशा, बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, कर भरल्याच्या पावत्या, जागेवर कर्ज किंवा दावा नसल्याचा दाखला आणि इमारतीच्या देखभाल निधीचा हिशोब मागा. हे तुमच्या स्वतःच्या वकिलाला दाखवा. विकणाऱ्याने सुचवलेल्या वकिलाला नको. बाहेरच्या नव्या भागात रस्ता, सांडपाणी आणि पाणीपुरवठा अजून बांधकाम करणाऱ्याकडे आहे की स्थानिक प्रशासनाकडे गेला आहे, हेही विचारा; खड्डा पडल्यावर कोणाकडे जायचं ते त्यावर ठरतं.

११. ठरवताना

गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत मला पटत नाही. गच्चीला आठ, प्रवासाला चार, शाळेला सात अशी बेरीज केली की गच्चीचे गुण प्रवासाची उणीव भरून काढतात, आणि प्रत्यक्षात असं कधीच होत नाही. त्यापेक्षा घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने दोनच गोष्टी लिहाव्यात, ज्या नसतील तर ते घर नको. दुसऱ्याचा कागद न बघता लिहा. दहा वर्षांवरच्या मुलांनाही एक गोष्ट लिहू द्या. या सगळ्या अटींत बसणारीच घरं बघायची. त्यांतून निवडताना मग आवडीनिवडी खुशाल चालवा.

एकही घर बसत नसेल तर कोणाची अट सैल करायची यावर बोलावं लागेल. तेव्हा पहिल्या पायरीतलं खूण केलेलं पान मध्ये ठेवा. दोघेही रोज ऑफिसला जाणारे आणि मुलं लहान असतील, तर मी लहान पण जवळचं घर सुचवते. एक जण घरून काम करतो, शाळा चालत जाण्याइतकी जवळ आहे आणि दुसऱ्याला ऑफिससाठी सरळ ट्रेन आहे, तर बाहेर जायला हरकत नाही. तिथली जास्तीची खोली खरंच वापरली जाईल. मात्र घरून काम करायची मुभा लेखी आहे की वरिष्ठांच्या मर्जीवर, हे आधी विचारून घ्या.

वही टाकू नका. नोकरी बदलली, शाळा बदलली किंवा घरात कोणी राहायला आलं, की दुसरी आणि चौथी पायरी नव्या आकड्यांनी पुन्हा करायची. बाकीच्या नोंदी बहुतेक तशाच चालतात.